गरोदर बाई, हिवताप आणि एचआयव्ही : एका चिठ्ठीचे उत्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाची संहिता)



गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनी मी आरोग्यावर बोलले, तेव्हा आपण दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता, हे आपणांस आठवत असेल. चारचौघींत विचारायला जिला संकोच वाटेल तिने चिठ्ठी लिहून त्यात टाकावी, नाव घालू नये, अशी ती व्यवस्था होती. कार्यक्रम आटोपल्यावर डबा उघडला. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. चार गुडघेदुखीच्या, तीन मुलांच्या जंतांविषयीच्या, दोन रक्तातल्या साखरेच्या. एक सुनेविषयीच्या गाऱ्हाण्याची होती. ती माझ्या शास्त्रात बसत नाही म्हणून मी अध्यक्षाबाईंच्या हवाली केली. अकरावी चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेली होती. अक्षर शाळकरी, पण नीटस. ‘एच.आय.व्ही. असलेल्या बाईला दिवस गेले आणि त्यात तिला मलेरिया झाला तर तिचे आणि बाळाचे काय होते?’

बाकीच्या सगळ्यांना मी त्याच दिवशी उत्तरे दिली. ही एक मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवली. विषय मोठा आहे, पुढे कधी तरी बोलू, असे मी म्हणाले. ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे काय होते ते आज बोलण्याच्या ओघात सांगेन. चिठ्ठी लिहिणारी आज येथे बसली आहे की नाही हे मला माहीत नाही. असलीच तर तिने माझ्याकडे पाहण्याची गरज नाही. मी सगळ्यांसाठीच बोलते आहे.

हिवताप आपल्या भागाला नवा नाही. मी लहान असताना, म्हणजे एकोणीसशे साठच्या पुढेमागे, डी.डी.टी.ची फवारणी करणारी माणसे गावात येत. पाठीवर पंप, तोंडाला फडके. ती आली की आई मडकी, पिठाचे डबे, अंथरुणे अंगणात काढी. भिंतीवर पांढरे ओघळ राहत आणि दाराजवळ फवारणीची तारीख रंगवलेली असे. दिवाळीला घर सारवताना आजी तेवढी जागा मुद्दाम वगळीत असे, सरकारी अक्षर पुसले तर दंड होईल या भीतीने! राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला. त्याला इतके यश आले की १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द काढून ‘निर्मूलन’ असे नाव दिले, आणि १९६५ च्या सुमारास साऱ्या देशात वर्षाला लाखभर रोगी उरले. आता हा रोग गेलाच, असे सगळ्यांना वाटले. मी परिचारिकेचे शिक्षण घेत होते तेव्हा, १९७६ साली, तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. आमच्या शिक्षिका म्हणत, पाहुणा उंबऱ्यापर्यंत गेला म्हणून त्याचे ताट उचलू नये.

आज आपल्या जिल्ह्यात हिवताप पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी झाला आहे. तो कुठे टिकून राहतो हे मात्र पाहण्यासारखे आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूला ओढ्याच्या डबक्यांत आणि भातखाचरांत वाढणारे डास निराळ्या जातीचे. आपल्या बोईसरात इमारतींची बांधकामे, गच्चीवरच्या टाक्या, चाळीतली पाण्याची पिंपे यांत वाढणारे निराळ्या जातीचे. डोंगरातले लोक दिवाळीनंतर वीटभट्टीवर, मिठागरावर, बांधकामावर उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत जातात. माणूस आपल्या रक्तातून रोग घेऊन येतो, आणि येथला डास त्याची वाटच पाहत असतो. सरावली, पास्थळ या बाजूला बांधकामाच्या कडेची झोपडी आपण पाहिलीच असेल. त्या झोपडीला दार नसते, मग मच्छरदाणी कुठून असणार?

आता चिठ्ठीकडे वळते.

डास चावला की हिवतापाचे जंतू आधी यकृतात जातात, तेथे वाढतात आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात. आपल्याकडे त्यांच्या मुख्य जाती दोन, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. फाल्सिपेरम ही अधिक घातकी. हिच्या जंतूची एक खोड आहे. ज्या तांबड्या पेशीत तो शिरतो तिच्या अंगावर चिकट टोके उगवतात. आपण गवतातून चालताना लुगड्याच्या काठाला कुसळे चिकटतात ना, तशा या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या कडेला चिकटून बसतात. कारण सरळ आहे. रक्ताबरोबर वाहत गेल्या तर वाटेत पाणथरी लागते, आणि खराब पेशी वेचून टाकणे हे पाणथरीचे कामच आहे. चिकटून बसले म्हणजे ती वाट टळते.

शरीर काही स्वस्थ बसत नाही. त्या चिकट टोकांना झाकून टाकणारी प्रतिपिंडे ते तयार करते. जंतू टोकांचा आकार बदलतो. शरीर नव्या आकाराची प्रतिपिंडे शिकते. ज्या मुलखात हिवताप बारमाही आहे तेथले माणूस लहानपणापासून ताप काढून काढून यांतले बरेच आकार ओळखू लागते. मोठेपणी त्याच्या रक्तात जंतू सापडतात, पण तो शेतावर काम करीत असतो.

अशा मुलखातली मुलगी पहिलटकरीण होते तेव्हा चमत्कारिक गोष्ट घडते. तिच्या शरीरात एक नवे इंद्रिय तयार होते, ते म्हणजे वार. वारेच्या आत आईचे रक्त संथ फिरत असते आणि तेथल्या पृष्ठभागावर साखरेच्या जातीचा एक पदार्थ असतो. एका विशिष्ट आकाराची टोके असलेले जंतू नेमके त्याच पदार्थाला चिकटतात. हा शोध केनियात काम करणाऱ्या मिशल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. त्या चिकट टोकाला पुढे ‘वार-टू-सीएसए’ असे नाव मिळाले. त्यातल्या ‘वार’चा आपल्या वारेशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला आपल्याला बरा! या मुलीने लहानपणी शंभर वेळा ताप काढलेला असला तरी हा आकार तिच्या शरीराने कधी पाहिलेलाच नसतो, कारण तिच्या अंगात तोवर वार नव्हती. म्हणून पहिल्या गरोदरपणी जंतू वारेत सुखाने गर्दी करतात. दुसऱ्या खेपेस शरीर थोडे ओळखते, तिसऱ्या खेपेस आणखी. आफ्रिकेतल्या हिवतापाच्या मुलखात पहिलटकरणींचे हाल सर्वांत अधिक आणि तीन-चार बाळंतपणे झालेल्या बायकांना त्रास कमी, असे दिसत असे, त्याचे कारण हे.

येथे एक गोष्ट दुरुस्त करून घेते. आम्हांला शिकवीत की गरोदरपणी प्रतिकारशक्ती मंदावते. आता शास्त्रज्ञ तसे सरसकट म्हणत नाहीत. बाळ निम्मे आईचे आणि निम्मे बापाचे. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने तो निम्मा परका पाहुणा आहे. त्याला बाहेर काढायचे नाही आणि चोराला तर आत येऊ द्यायचे नाही, अशी दुहेरी कसरत शरीराला नऊ महिने करावी लागते. शक्ती कमी होते असे नव्हे, तिची मांडणी बदलते. पुष्कळ रोगांना ती नीट तोंड देते. काहींच्या बाबतीत मात्र अडते. हिवताप त्या काहींतला एक.

आता यात एचआयव्हीची भर पडली तर?

एचआयव्ही हा विषाणू सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशींवर उठतो. या पेशी स्वतः फारसे लढत नाहीत. आपल्याकडे लग्नघरात एखादी आत्याबाई असते पाहा, ती स्वतः भाकरी थापीत नाही, पण कोणी तांदूळ निवडायचे, कोणी मांडवात जायचे, वरपक्षाकडे कोणी लक्ष द्यायचे, हे सगळे तिच्या जिभेवर चालते. आत्याबाई आजारी पडल्या तर घरात हात पुष्कळ असतात, धान्यही असते, पण पंगत काही वेळेवर बसत नाही. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी असतात, जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, पण त्यांना सांगणारी उरत नाही.

मलावी आणि पश्चिम केनिया येथे १९९० नंतरच्या वर्षांत डॉक्टरांच्या हे ध्यानात येऊ लागले. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या गरोदर स्त्रियाही पहिलटकरणींइतक्याच हिवतापाला बळी पडत होत्या. बाळंतपणागणिक शिकलेले ज्ञान शरीर जणू विसरून गेले होते. वारेतल्या जंतूंना ओळखणारी प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात कमी भरली, आणि सीडी-फोर पेशी जितक्या कमी तितकी ही उणीव मोठी.

पुढचे नुकसान दोन्ही अंगांनी होते. जंतूंशी झुंजायला पांढऱ्या पेशी वारेत गोळा होतात आणि तेथे सूज धरते. बाळाला जाणारे अन्न आणि प्राणवायू कमी पडतो, ते अडीच किलोच्या आत जन्मते, कधी दिवस भरण्याआधीच येते. आईचे रक्त आटते. आधीच आपल्याकडच्या बायकांच्या अंगात रक्त किती असते ते आपण जाणतोच. दुसऱ्या बाजूने, ताप भरला की शरीराच्या पेशी खडबडून जाग्या होतात आणि एचआयव्हीला वाढायला नेमक्या अशाच जाग्या पेशी लागतात. म्हणून हिवतापात रक्तातले विषाणू वाढतात आणि तापावर नीट उपचार झाले की काही आठवड्यांत पुन्हा खाली येतात. त्यामुळे बाळाला लागण होण्याचा धोका वाढतो का, यावर संशोधकांचे एकमत नाही. युगांडातल्या पाहणीत वाढ दिसली, केनियातल्या सगळ्याच पाहण्यांत ती दिसली नाही. मात्र आईच्या रक्तात विषाणू जितके जास्त तितका बाळाला धोका जास्त, ही गोष्ट वादातीत आहे.

आणखी एक नुकसान सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई आपली तयार प्रतिपिंडे वारेतून बाळाला देते. मुलीची पाठवणी करताना आपण शिदोरी देतो, तशी. गोवर, धनुर्वात यांपासून पहिले काही महिने बाळाचा बचाव त्याच शिदोरीवर होतो. एचआयव्ही आणि वारेतला हिवताप या दोहोंमुळे ही शिदोरी तुटपुंजी होते. बाळाला स्वतःला एचआयव्हीची लागण झाली नाही तरीसुद्धा! म्हणून अशा बाळाची एकही लस लांबणीवर टाकता कामा नये.

आपल्याकडे हे चित्र जसेच्या तसे लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. आफ्रिकेतल्या त्या मुलखांइतका हिवताप आपल्याकडे नाही. बोईसरच्या चाळीत वाढलेल्या मुलीला आयुष्यात एकदा ताप आलेला असतो किंवा तोही नसतो. म्हणजे तिच्या शरीराने काही शिकलेलेच नसते. तेव्हा एचआयव्ही असो वा नसो, पहिली खेप असो वा चौथी, आपल्याकडच्या गरोदर बाईला हिवताप हा धोक्याचाच. मध्य प्रदेशात जबलपूरच्या डॉ. नीरू सिंग यांनी वर्षानुवर्षे या विषयावर काम केले. त्यांच्या पाहणीत गरोदर स्त्रियांना इतर स्त्रियांहून हिवतापाचा त्रास अधिक, असेच आढळले. व्हायव्हॅक्स वारेत फाल्सिपेरमसारखा ठाण मांडीत नाही, पण रक्त आटवतो आणि बाळाचे वजनही घटवतो. शिवाय त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ते दडलेले जंतू मारणारी प्रायमाक्विनची गोळी गरोदर बाईला देता येत नाही. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी गरोदर सुनेला देणे हे प्रेम नव्हे. तो अविचार होय.

आता मी मघाशी टाळलेली गोष्ट सांगते.

ज्या पावसाळ्यात आपला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, त्या २०१४ च्या पावसाळ्यातली ही हकीगत. माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षे उरली होती. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वस्तीत, हे सांगणार नाही. ती बाई आता या भागात राहत नाही, आणि हे बोलण्याआधी मी तिला फोन करून विचारले आहे. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मी बदललेही आहेत.

ती मूळची डोंगराकडची. नवरा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. आधीची दोन मुले होती. ही तिसरी खेप, चौथा महिना. पहिल्या खेपेस गावी असताना तिला मोठा हिवताप झाला होता, दुसऱ्या खेपेस थोडा. तिसऱ्या वेळी नेहमीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला जन्मभरासाठी औषध सुरू करायचे, असा नियम देशात झाला होता. तिला गोळ्या सुरू झाल्या. सीडी-फोर पेशी कमी भरल्या म्हणून दुसरे रोग होऊ नयेत यासाठी सल्फाच्या जातीची आणखी एक गोळी होती. नवऱ्याला ठाऊक होते. सासूला ठाऊक नव्हते.

श्रावणातली एक सकाळ. लोहाच्या गोळ्यांसाठी बायकांची रांग लागली होती, मी घाईत होते. ती समोर आली आणि मी, अगदी काळजीने, मोठ्याने विचारले, ‘आणि तुझ्या त्या दुसऱ्या गोळ्या? तिकडच्या? त्या संपल्या नाहीत ना?’

एवढेच. रोगाचे नाव मी घेतले नाही. पण रांगेत तिच्या चाळीतली एक बाई होती, आणि तिकडे कोणत्या गोळ्या मिळतात हे तिला माहीत होते. आठवड्यात नळावर तिचा हंडा शेवटी लागू लागला. पोळा झाल्यावर तिच्या धाकट्या मुलाला शेजारच्या घरात खेळायला घेईनात. तिने चाळ सोडली आणि गोळ्याही सोडल्या. गोळ्यांची बाटली घरात ठेवायची कुठे, हा तिचा प्रश्न होता. मी दोन वेळा शोध घेतला, मिळाली नाही. खरे सांगायचे तर तिसऱ्यांदा घेतला नाही.

ती आली ती कोजागिरीच्या सुमारास, रिक्षातून, सासूच्या खांद्यावर मान टाकून. थंडी वाजून ताप, डोळे पांढरे फटक. सासू म्हणाली, ‘पहिलटकरीण का आहे ही? तिसरं बाळंतपण. दोन वेळा तापाला पुरून उरली, आताच काय झालं हिला?’ रक्त पाहिले, फाल्सिपेरम. डॉक्टर नवीन होते. त्यांनी विचारले, दुसरे कोणते औषध चालू आहे का? तिने मान हलवली, नाही. सासू मागेच उभी होती.

डॉक्टर जे औषध लिहिणार होते त्यातही सल्फाचाच भाग होता. सल्फाची ती रोजची गोळी घेणाऱ्या रोग्याला हिवतापाचे हे मिश्रण द्यायचे नाही, असा नियम आहे. दोन्ही एकत्र आली तर त्वचेवर आणि रक्तावर वाईट परिणाम होऊ शकतात. पुन्हा, ती त्या गोळ्या घेते आहे की सोडल्या आहेत, हे मलाही माहीत नव्हते. मी सासूला म्हटले, ‘आजी, खाली खिडकीवर केसपेपर काढून आणा, आणि येताना लेकीसाठी चहा आणा.’ केसपेपर माझ्या हातातच होता. सासू गेली. मी दार लोटले आणि तिच्या कानाशी बसले. ती म्हणाली, ‘सल्फाची घेते, ती लहान आहे, पदरात बांधता येते. मोठीची बाटली फेकली.’ मग म्हणाली, ‘बाई, तुम्ही हळू बोलायला हवं होतं.’

डॉक्टरांनी औषध बदलले. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, आणि मग मोठ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी चुन्याच्या गोळ्यांच्या डबीत भरून. ती युक्ती तिचीच. डिसेंबरच्या अखेरीस, तीन आठवडे आधी, ती बाळंत झाली. मुलगी, वजन दोन किलोला शंभर ग्रॅम कमी. मुलीला जन्मल्यापासून सहा आठवडे नेव्हिरापिनचे थेंब दिले. हे थेंब सहा आठवडे दिल्यास अंगावर पिणाऱ्या बाळांना त्या काळातली लागण जवळजवळ निम्म्यावर येते, हे दाखवणाऱ्या संशोधनात आपल्या पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससून रुग्णालयाचा भाग होता. इथिओपिया आणि युगांडा येथल्या डॉक्टरांबरोबर केलेले ते काम २००८ साली प्रसिद्ध झाले.

एका बाईच्या हकिगतीवरून शास्त्र सिद्ध होत नाही. दोन खेपा शिकलेले तिचे शरीर तिसऱ्या खेपेस का विसरले, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आफ्रिकेतल्या पाहण्या वाचल्या तेव्हा मात्र मला सासूचा तो प्रश्न आठवला. आणि मोठ्या गोळ्या का सुटल्या, याचे उत्तर शोधायला मला कुठेच जावे लागले नाही.

उपाय पुष्कळसे आपल्या आवाक्यातले आहेत. औषध न घेतल्यास शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून एचआयव्हीची लागण होते. औषध वेळेवर सुरू केले आणि नियमाने घेतले तर हे प्रमाण पाचाच्या, कित्येकदा दोनाच्याही खाली येते. देशात हे औषध १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागले. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्याआधीचे दिवस मी पाहिले आहेत, आणि त्यांविषयी आज बोलणार नाही. गोळ्या चालू असल्या की आत्याबाई हळूहळू पुन्हा उठून बसतात, पेशी वाढतात, आणि हिवतापाशी झुंजण्याचे बळही बरेचसे परत येते. गरोदर बाईला ताप आला तर दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे; आशाताईंकडे तपासणीची पट्टी असते, पाव तासात कळते. औषध भरलेली मच्छरदाणी मिळते, ती गरोदर बाईच्या अंथरुणावर लावावी. मासे सुकवताना अंगणावर घालायची जाळी म्हणून नव्हे, हे आपल्या सातपाटी-मुरब्याच्या मैत्रिणी हसत हसत कबूल करतील! टाकीचे झाकण, आठवड्यातून एक दिवस पिंपे कोरडी करणे, विहिरीत गप्पी मासे, हे आपण दर पावसाळ्यात ऐकतो आणि दर पावसाळ्यात विसरतो.

आणि जिला दोन आजार आहेत तिचे दोन्ही कागद एकाच डॉक्टरला दिसले पाहिजेत. हे सांगायला सोपे आहे. पण कागद दाखवण्यासाठी तिला आधी तो घरात ठेवता आला पाहिजे.

म्हणून आपल्या घरातली एक गोष्ट बोलते. अध्यक्षाबाईंची परवानगी मी आधीच घेतली आहे. आपल्या पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या बायकांकडून एचआयव्हीच्या तपासणीचा दाखला घ्यावा, अशी सूचना कार्यकारिणीकडे आली आहे. सूचना करणारी भगिनी वाईट मनाची नाही, मी तिला वीस वर्षे ओळखते. गिऱ्हाइके काय म्हणतील या काळजीने तिने ती केली. पण पोळी लाटून, भाजी चिरून, एका ताटात जेवून, एका नळावर पाणी भरून हा रोग लागत नाही. २०१७ साली याविषयी कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरीसाठी अशी तपासणी सक्तीची करता येत नाही, आणि कोणाचा रोग तिच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. मी श्रावणात रांगेत जे केले ते आज केले तर त्या कायद्यापुढे मला उत्तर द्यावे लागेल, आणि ते योग्यच आहे. केंद्रात सध्या नऊ जणी आहेत. दाखला मागितला तर त्यांतल्या कोणा एकीला दुसऱ्या दिवसापासून ‘बरं नाही’ असे होईल, ती यायची थांबेल. कदाचित तिला काहीच झालेले नसेल, नुसती भीती असेल. ती मग औषधाच्या केंद्रावरही जाईल की नाही, मला शंका आहे. ही सूचना पुढच्या महिन्याच्या बैठकीत येणार आहे. मी कार्यकारिणीत नाही, परंतु चिटणीसबाईंनी मला बसण्याची परवानगी दिली आहे, आणि मी येणार आहे.

त्या मुलीची शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात, २०१६ च्या पावसाळ्यात झाली. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. दुपारी फोन आला. ‘बाई, नाही निघालं,’ एवढेच बोलून तिने फोन ठेवला. मागे सासूचा आवाज येत होता. परवा मी परवानगी मागायला फोन केला तेव्हा सासू वारल्याचे कळले. मुलगी आता शाळेत जाते, गणितात बरी आहे म्हणे. या भाषणाचे मी सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘सांगा, पण रांगेचं पण सांगा.’

ते सांगितले. दाराशी आजही तोच डबा ठेवला आहे. बाजूला कागद आणि पेन्सिली आहेत. ज्यांना चिठ्ठीही लिहायची नसेल त्यांच्यासाठी १०९७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहिला आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि नावही सांगावे लागत नाही. चहा तयार आहे असे दिसते. मी डब्यापासून दूर, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते.